आधी पद्धत सांगा

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एकदा सकाळी सकाळी भोईर सरांची बेल वाजवून सांगितलं, "सर, घात झाला. पंप जळला!"

सर दारातच उभे राहून म्हणाले, "हा निष्कर्ष झाला. आधी पद्धत सांगा."

सेक्रेटरी बिचारे पाणी नाही म्हणून दाढी अर्धवट टाकून आलेले. पण सरांनी त्यांना पंप कोणी, कधी, कशासाठी चालू केला, जळका वास कोणाच्या नाकाने घेतला, सगळं क्रमाने वदवून घेतलं. शेवटी निघालं ते असं की पंप जळलाच नव्हता, फ्यूज गेलेला. सरांना याचा काडीचाही आनंद झाला नाही. "निष्कर्ष चुकला याचं मला काही नाही," ते म्हणाले. "तुम्ही तो पहिल्या वाक्यात सांगितलात, याचं वाईट वाटतं."

भोईर सर म्हणजे कल्याणच्या एका कॉलेजातले प्राणिशास्त्राचे निवृत्त विभागप्रमुख. आमची डोंबिवली पश्चिमेची बिल्डिंग ज्या जमिनीवर उभी आहे, ती त्यांच्या वडिलांची भातशेती. चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये बसवून ते पाहुण्यांना सांगतात, "तुम्ही बसलाय तिथे, फक्त खाली, आमचं खळं होतं." उभी हयात त्यांनी दोनच गोष्टींत घातली. एक, खाडीच्या चिखलातले जीव, आणि दुसरी, शोधनिबंध. स्वतःचे लिहून झाले, मग विद्यार्थ्यांचे, आणि आता ओळखीपाळखीच्या कोणाचेही.

शोधनिबंध ज्या क्रमाने छापला जातो त्या क्रमाने लिहायचा नाही, हा सरांचा पहिला नियम. आधी पद्धत, मग निकाल, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, सारांश त्याच्याही नंतर, आणि शीर्षक सगळ्यात शेवटी. "घरात काय आहे ते कळल्याशिवाय दारावर पाटी लावू नये," असं ते म्हणतात. निकालात मत घालायचं नाही आणि चर्चेत नवा आकडा घुसवायचा नाही, हा दुसरा नियम. हा त्यांच्या जेवणाच्या टेबलावरही चालतो. "आमटीत मीठ जास्त आहे, हा निकाल. का झालं, ती चर्चा. ती जेवणानंतर."

काकू या नियमाला पुरून उरल्या आहेत. "उद्या आमटीच नाय, हा पन निकाल," म्हणून त्या वाटी उचलतात.

सरांच्या पुतण्यासाठी स्थळं बघत होते तेव्हा तर कहरच झाला. मुलीच्या परिचयपत्रात 'सुस्वभावी' असं लिहिलेलं. सरांनी मुलीच्या वडिलांना गंभीरपणे विचारलं, "कोणाशी तुलना करून?" त्या स्थळाचा पुढे फोन आला नाही. सरांना मात्र आजही वाटतं की ते लोक आकडेवारी गोळा करताहेत.

मी या माणसाच्या तावडीत सापडले ती पीएचडीमुळे. माझा विषय निवटा. ओहोटी लागली की खाडीच्या चिखलात उड्या मारत फिरणारा आणि बिळात राहणारा हा मासा. चिखलावर पाइपची चौकट ठेवायची, आतली बिळं मोजायची, पुढे सरकायचं. काम वर्षभर केलेलं आणि शोधनिबंध लिहायला घेतलेला. मोठ्या उमेदीने मी प्रस्तावना घेऊन सरांकडे गेले. पहिलं वाक्य होतं, 'प्राचीन काळापासून मानवाचे समुद्राशी अतूट नाते आहे.'

सरांनी पान उलटलं. मग आणखी एक उलटलं.

"निवटा कधी येणार?"

"तिसऱ्या पानावर, सर."

"तोपर्यंत भरती येईल. मानवाला बाजूला कर."

मानव गेला, त्याच्याबरोबर अडीच पानंही गेली. नंतर पद्धतीवर आलो. बिळं मोजताना पाय कुठे ठेवले होतेस? चिखल तुडवलास तर मोडलेली बिळं कोणत्या खात्यात? 'साधारणतः' म्हणजे काय? माझ्या लिखाणातला प्रत्येक 'साधारणतः' त्यांनी माशीसारखा टिपला. मी घरी येऊन नवऱ्यासमोर, प्रसादसमोर, सरांच्या नावाने खडे फोडायचे. पण खरं सांगते, तो कागद जेव्हा हातात आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे मला माहीत आहे आणि कोणीही विचारलं तरी मी सांगू शकते. हा दिमाख मला सरांनी दिला, आणि तो मी अजून मिरवते.

निबंध नियतकालिकाकडे गेला. काही महिन्यांनी दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिला खूश होता. दुसऱ्याने लिहिलं, निबंध चांगला आहे, पण हिवाळ्यातली मोजणी फार तोकडी आहे. ती पुन्हा, नीट करून द्या, मग बघू.

हिवाळा तर सुरूच होता. पण मला सातवा महिना लागलेला, आणि ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरांनी जिने चढण्यावरही डोळे वटारलेले. गुडघाभर चिखल तर सोडाच. विद्यापीठाने दिलेली मुदतवाढ येत्या उन्हाळ्यात संपत होती. तोवर निबंध स्वीकारला गेला नाही तर नोंदणी रद्द, म्हणजे इतक्या वर्षांचं काम पाण्यात.

मी सरांकडे गेले आणि म्हटलं, "सर, निबंधाच्या मर्यादांमध्ये लिहून टाकू ना. हिवाळ्यातली मोजणी पुरेशी करता आली नाही, असं."

सरांनी अभिप्राय पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग म्हणाले, "जे करताच येत नाही ती मर्यादा. करता येतं आणि केलं नाही, त्याला मर्यादा म्हणत नाहीत."

एवढंच. बाईच्या पोटाकडे बघून तरी माणूस दोन शब्द बरे बोलेल! मी घरी येऊन ढसाढसा रडले. पुढे आठवडाभर सरांचं नावही घरात काढलं नाही.

मग काकूंचा फोन आला. "बये, तुझे सरांना जरा समजव. गुरघ्यान नवीन वाटी बसवलेली हाय, न चिखलान उतरतान!"

प्रसादने मला गाडीत घालून खाडीवरच्या रेतीबंदरावर नेलं. ओहोटी लागलेली. लांब चिखलात हाफपँट घातलेले भोईर सर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात माझीच पाइपची चौकट. ती त्यांनी आमच्या गॅलरीतून प्रसादकडून परस्पर मागून नेलेली, आणि हा पठ्ठ्या मला बोलला नव्हता. सर वाकून मोठ्याने बिळं मोजत होते. काठावर एक ओळखीचा होडीवाला बसून आकडे लिहून घेत होता.

"सर!" मी ओरडले. "बाहेर या!"

"पुढे येऊ नकोस!" ते तिकडून ओरडले. "बिळं मोडतील! आणि बोलू नकोस, आकडा चुकतो!"

भरतीचं पाणी दिसू लागलं तेव्हाच ते वर आले. होडीच्या काठावर बसून पाय धुवायला लागले. रागावू की पाया पडू, मला कळेना. मी म्हटलं, "तुम्ही तर म्हणालात, करता येतं आणि केलं नाही..."

"मग? मला करता येत होतं," सर म्हणाले.

थंडीभर प्रत्येक मोठ्या ओहोटीला ते गेले. लेखकांत नाव घालू म्हटलं तर भडकले. "प्रश्न तुझा, उत्तर तुझं. मी चिखल तुडवला. पद्धतीत लिही की हिवाळी मोजणी दुसऱ्या निरीक्षकाने केली, आणि त्याचं नाव दे. ते खरं आहे." तसंच लिहिलं. मुलगी झाली, आणि ती पालथी पडायच्या आत निबंध स्वीकारल्याची मेल आली. नोंदणी वाचली.

छापून आल्यावर मुलीला घेऊन पेढे द्यायला गेले. काकूंनी बाळ उचललं ते थेट आतच नेलं. सरांनी मोबाइलवर निबंध पहिल्या ओळीपासून शेवटच्या संदर्भापर्यंत वाचला. मग मोबाइल माझ्या हातात देत म्हणाले, "सुजाताला पाठवशील?"

सुजाता त्यांची मुलगी. नाशिकला बँकेत आहे. तिचा फोन येतो तो काकूंना, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडे मी कधी विचारलं नव्हतं.

"तिचाही असाच निबंध होता," सर म्हणाले. "खेकड्यांवर. परीक्षकाला एक हंगाम जास्त हवा होता, आणि तिला दिवस गेलेले. मर्यादांमध्ये लिहू का म्हणाली. तुला सांगितलं तेच तिला सांगितलं. शब्द न् शब्द तोच. तेव्हा माझे दोन्ही गुडघे धड होते. पण ही तिची जबाबदारी, असं मला वाटलं. तिने सगळं सोडून दिलं."

मी म्हटलं, "तुम्हीच पाठवा ना, सर."

"मी पाठवलेलं ती उघडत नाही."

त्यांच्याकडून नंबर घेऊन मी सुजाताला लिहिलं, मी कोण, निबंध कसला, आणि हिवाळी मोजणी कोणी केली ते बघ. सरांना वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं एकही वाक्य खोडलं नाही. निबंध जोडून मी पाठवून दिलं. आतून काकूंचा आणि बाळाचा आवाज येत होता. आम्ही दोघं त्या एवढ्याशा पडद्याकडे बघत बसलो.

थोड्या वेळाने मी म्हटलं, "सर, उघडलं तिने."

"काय म्हणाली?"

"अजून काही नाही. वाचत असेल."

"वाचू दे," सर म्हणाले. "तिला घाई करू नकोस."