मेजरच्या पहाऱ्यातलं हळदीकुंकू

स्टीलच्या पंचवीस वाट्या निर्मलाबाईंनी तिसऱ्यांदा पुसल्या, पाटावर ओळीनं मांडल्या आणि ओसरीवर बसलेल्या नवऱ्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला, "अवो, तो बायकांवर भुंकणार तं नाही ना?"

कृष्णराव मेजरच्या पाठीवरून ब्रश फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही. "भुंकणं गावठी कुत्र्याचं काम आहे. मेजर भुंकत नसते."

"अन् चावला तं?"

"हुकमाशिवाय? कमाल करते तू बी!"

"मंग आत येणाऱ्या बायकांले अडवते का?"

"आत येणाऱ्याले मेजर कधीच अडवत नाही," कृष्णराव म्हणाले. "पहिला धडाच तो आहे. चोर आत आलाच नाही, तं पकडाचा कोणाले?"

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पुढे जे झालं त्यात कृष्णराव खोटं बोलले असं कोणालाच म्हणता आलं नाही, आणि निर्मलाबाईंना सगळ्यात जास्त राग आला तो त्याचाच.

कृष्णराव फौजेत हवालदार होते आणि त्यांची सगळी नोकरी कुत्र्यांना शिकवण्यात गेली होती. पेन्शन घेऊन सिहोऱ्याला परतताना कामठीच्या एका कर्नलसाहेबांकडून त्यांनी अस्सल अल्सेशियन पिल्लू आणलं आणि त्याच्या खानदानाचा छापील दाखला देवघराशेजारी फ्रेम करून लावला. स्वतःच्या पणजोबांचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण कुत्र्याच्या पणजोबांचं तोंडपाठ होतं. "अठरा वर्षं मेजरसाहेबाचे हुकूम ऐकले, आता मेजर माझे ऐकीन," असं म्हणून नावही त्यांनीच ठेवलं. मेजर रोज सकाळी अंडं खाई, आठवड्याला कान साफ करून घेई आणि महिन्यातून एकदा राईस मिलच्या काट्यावर उभा राही. त्याचा भात निर्मलाबाई शिजवत, पण घालत कृष्णराव. दुसऱ्या कोणाच्या हातचं खायचं नाही, हा दुसरा धडा होता.

तिसरा धडा खळ्यावरचा. एका साली मळणीच्या दिवसांत खळ्यावरचं धान गेलं, तेव्हा कृष्णरावांनी सालगडी डोमाला चोर बनवून महिनाभर तालीम घेतली. डोमा आत आला की मेजर नुसता पडून राही. डोमा पोतं उचलून निघाला की वाट अडवून उभा राही. मग पोत्याच्या जागी टोपली आली, टोपलीच्या जागी लोटा आला, शेवटी धोतराच्या सोग्यात लपवलेलं पसाभर धान आलं. बाहेर जाणाऱ्याजवळ काहीतरी आहे, एवढं मेजरला पुरे होतं. ते कोणाचं, हे पाहणं त्याचं काम नव्हतं. कृष्णराव 'ड्यूटी' म्हणाले की पहारा सुरू आणि कृष्णरावच 'छोड' म्हणाले की खलास. मधल्या वेळात घरच्यांनासुद्धा सूट नव्हती. "घरच्याले सूट देल्ली का चोर घरच्याच्याच हातानं नेते," असं त्यांचं म्हणणं.

निर्मलाबाईंना या धड्यांमध्ये काडीचा रस नव्हता. त्यांचं दुखणं वेगळंच होतं. लग्न झाल्यापासून त्या नवऱ्यामागं छावण्या हिंडल्या. गावात येऊन दोन वर्षं झाली, तरी गाव त्यांना 'मिलिट्रीवाली'च म्हणे. कोणी विरजण मागायला येत नव्हतं, कोणी मीठ उसनं नेत नव्हतं. कुत्र्याच्या धाकानं बायका गेटवरूनच "बऱ्या आहा ना?" म्हणत आणि उत्तर यायच्या आत पुढं सटकत. पाटलीणबाई गोदावरीबाई ज्या घरी बसून चहा पितात ते घर गावातलं, असं सगळ्या बायका धरून चालत, आणि गोदावरीबाईंनी अजून यांचा उंबरा ओलांडला नव्हता. म्हणून या संक्रांतीला निर्मलाबाईंनी पहिल्यांदाच हळदीकुंकू ठेवलं होतं. बाकीच्या घरी वाणाला प्लास्टिकच्या गाळण्या होत्या, इथे स्टीलच्या वाट्या. आज बायका रमल्या तर आपण गावच्या, नाहीतर उरलेला जन्म मेजरशी गप्पा मारत काढायचा, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

खात्री म्हणून त्यांनी आदल्या दिवशी शेजारच्या कलाबाईंना मुद्दाम आत बोलावून पाहिलं. कलाबाई रिकाम्या हातानं आल्या, रिकाम्या हातानं गेल्या. मेजरनं डोळासुद्धा उघडला नाही.

"आज तुम्ही घरी राहू नका," निर्मलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "माणूस घरात असला का बायका मोकळ्या बसत नाहीत."

"तुमसरले जातो. मेजरच्या कानाची दवा आणाची आहे. साडेसहाच्या गाडीनं येतो."

कृष्णराव गेटपर्यंत गेले आणि थांबले. घरात पंचवीस बायका, नव्या कोऱ्या वाट्या, सताड उघडी दारं. जबाबदार माणसानं करावं तेच त्यांनी केलं. "मेजर, ड्यूटी!" म्हणाले आणि एसटी गाठायला निघून गेले.

तीन वाजता बायका आल्या. मेजर गेटशी पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडला होता. पदर सावरत, एकमेकींना पुढं ढकलत सगळ्या त्याच्या बाजूनं आत शिरल्या आणि त्यानं शेपूटसुद्धा हलवलं नाही. कुंकू लागलं, तिळगूळ झाला, नावं घेतली गेली. गोदावरीबाईंनी बशीत ओतून दोनदा चहा घेतला. वाटीत बोरं, हरभरे आणि तिळगूळ घालून निर्मलाबाईंनी एकेकीच्या हातात वाण दिलं, तेव्हा गोदावरीबाई वाटी उलटसुलट न्याहाळत म्हणाल्या, "कुत्रं तं गाईवाणी गरीब आहे वं निर्मला. आमी उगाच भेत होतो."

'निर्मलाबाई' नाही, 'वं निर्मला'. निर्मलाबाईंना एकदम भरून आलं आणि त्या साखरेचा डबा आणायच्या निमित्तानं आत गेल्या.

चारच्या सुमारास रुखमा उठली. तिची म्हैस वेळेची मोठी पक्की. कडेवर तान्ही लेक आणि हातात वाटी घेऊन ती गेटशी गेली. मेजर उठला, अंग झटकलं आणि गेटात आडवा उभा राहिला. रुखमा डावीकडं सरली, मेजर डावीकडं. रुखमा उजवीकडं, मेजर उजवीकडं. मग त्यानं वरचा ओठ जरासा उचलला. कलाबाईंनी ते दात ओसरीवरून पाहिले आणि त्या खांबामागं गेल्या.

"निर्मलाबाई! तुमचा कुत्रा मले जाऊ नाही देऊन राहिला!"

निर्मलाबाई धावत आल्या. "मेजर, हट! मेजर, छोड!" मेजरनं त्यांच्याकडं आदरानं पाहिलं आणि जागचा हलला नाही. पट्टा धरून ओढायला गेल्या, तर तो त्यांच्यासकट पुन्हा गेटात येऊन उभा राहिला. घाबरून रुखमानं वाटी खाली ठेवली आणि लेकीला कलाबाईंकडं दिलं. मेजर तात्काळ बाजूला झाला. लेकीला पुन्हा कडेवर घेतलं, मेजर पुन्हा आडवा.

"अरे, हे पोरगी माझीच आहे! येतानी मीच आणली होती!" रुखमा रडकुंडीला आली.

आता निर्मलाबाईंना खळ्यावरचा तिसरा धडा आठवला. त्यांनी खालच्या आवाजात सगळं सांगितलं. मग कलाबाई म्हणाल्या, "म्हणजे वाट्या ठेवून देल्या तं जाता येते. पोरगी राहू दे माझ्यापाशी. वाट्या उद्या घेऊन जाऊ."

"काय बोलून राहिली तू?" गोदावरीबाई कडाडल्या. "सवाष्णीनं घेतलेलं वाण ठेवून उंबरा ओलांडाचा? कोण्या घरी पाहिलं होतं का असं?"

कोणीच पाहिलं नव्हतं. निर्मलाबाईंनी मनातल्या मनात पाटलीणबाईंना हात जोडले. घरचं पहिलंच वाण पंचवीस जणी टाकून गेल्या, ही गोष्ट गावानं त्यांच्या नातवंडांना सांगितली असती. पण वाण नेता येत नव्हतं, ठेवता येत नव्हतं. मागचं दार म्हणाल तर कृष्णरावांनी गावात येताच विटा लावून बंद केलं होतं. एका घराला दोन दारं म्हणजे दोन पहारेकरी लागतात, असं त्यांचं गणित.

निर्मलाबाई स्वतः वाट्या घेऊन निघाल्या. ज्याचा भात त्या दोन वर्षं शिजवत होत्या त्यानं त्यांनाही अडवलं, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कलाबाईंनी वाटी ओटीत खोचली आणि वर पदर घेतला. डोमाच्या सोग्यात मुरलेल्या मेजरनं तिथं नुसतं नाक लावलं, आणि कलाबाई आपण होऊन परत आल्या. तिळगुळाचा लाडू त्याच्यापुढं टाकला तो तिथंच पडून राहिला, त्याला मुंग्या लागल्या. शेवटी एकीनं आपली वाटी भिंतीवरून बाहेर फेकली. मेजरनं एका उडीत भिंत ओलांडली, वाटी तोंडात धरली आणि गोदावरीबाईंच्या पायाशी आणून ठेवली. बोरं मात्र रस्त्यावर राहिली.

पाच वाजता भिंतीपलीकडून रुखमाच्या नवऱ्याची हाक आली. "अवं, म्हैस ओरडून राहिली!"

"दोहून घ्या ना!"

"मले नाही येत!"

"म्हशीले येते! तुमी फक्त खाली बसा!"

ओसरीवर एक हसली, मग दुसरी, मग सगळ्याच. एवढ्यात पाटील पुंडलिकराव स्वतः चांदीच्या मुठीची काठी आपटत आले. मेजरनं त्यांना आदरानं आत घेतलं. त्यांनी ओसरीवरूनच हुकूम सोडला, "चला घरी सगळ्या. कुत्र्याले काय भेता?" आणि बायकोला मागं घेऊन रुबाबात गेटकडं निघाले. मेजर आडवा झाला.

"काठी ठेवा जी," निर्मलाबाई चाचरत म्हणाल्या. "हातात काही नसलं तं जाऊ देते तो."

"काठी? ह्या पुंडलिकानं काठी ठेवाची? माझ्या बापाची काठी आहे ते!"

"मंग बसा आता आमच्यासंगं," गोदावरीबाई म्हणाल्या.

पुंडलिकराव काठी मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "घरी सैपाकाचं काय?"

"चिंता कायले करता? तुमी तं इथंच आहा. इथंच जेवा." असं म्हणून पाटलीणबाईंनी पदर खोचला. "निर्मला, पीठ कुठं ठेवते वं?"

मग जे सुरू झालं ते निर्मलाबाईंनी दोन वर्षांत मनात हजारदा पाहिलं होतं. कोणी चूल पेटवली, कोणी पीठ मळलं, कोणी त्यांना न विचारता फडताळातून मिठाचा डबा काढला. रुखमाची लेक भांड्यांच्या ढिगात झोपली. कोणाची सासू, कोणाची जाऊ, कोणाचे पाय दुखतात, सगळं चुलीभोवती निघालं. भिंतीपलीकडून नवरे एकेक करून येत आणि उत्तर घेऊन जात. "तांदूळ कुठं आहे?" "डब्यात!" "अन् चूल?" "सकाळी होती तिथंच!" दिवे लागायच्या वेळेला आपण नुसत्या बसलो आहोत आणि आपल्याला कोणी काही मागत नाही, हे एकेकीच्या हळूहळू लक्षात येत गेलं. निर्मलाबाई भाकरी थापताना मधेच थांबून सगळ्यांकडं बघत. त्यांना आज कशाचीच भीती वाटत नव्हती.

साडेसहाची गाडी सात वाजता आली. कृष्णराव कानाची दवा घेऊन गेटात शिरले आणि ओट्यावर पाटलांना काठीसकट पाहून त्यांनी सवयीनं सलाम ठोकला. क्षणभरात त्यांना सगळा प्रकार कळला. "मेजर, छोड!" मेजर शेपूट हलवत बाजूला झाला. पुंडलिकराव तीरासारखे निघून गेले. बायका मात्र भाजी उतरेपर्यंत हलल्या नाहीत.

रात्री कृष्णराव मेजरच्या कानात दवा घालत म्हणाले, "एक वाटी गेली नाही. पाहिलं?" त्या दिवशी निर्मलाबाईंकडून मेजरला भातावर तूप मिळालं, अर्थात कृष्णरावांच्या हातून.

पुढच्या संक्रांतीला निर्मलाबाईंनी आधीच काळजी घेतली. डोमाबरोबर मेजरला सकाळीच शेतावर पाठवून दिलं. तीन वाजता पंचवीसच्या जागी चाळीस बायका आल्या. कुंकू लागलं, तिळगूळ झाला. तरी सगळ्याजणी गेटकडं बघत होत्या.

"मेजर दिसत नाही वं?" गोदावरीबाईंनी शेवटी विचारलं.

"शेतात पाठवला जी. मागच्या साली तुम्हाले किती तरास झाला!"

रुखमानं हातातली वाटी खाली ठेवली. गोदावरीबाई पुढं सरकून बसल्या आणि काळजीच्या सुरात म्हणाल्या, "बोलाव वं त्याले लवकर. आमी सगळ्या घरी सांगून आलो ना, आज मेजर काही सोडत नाही म्हणून!"