हेडबाईंच्या कानामागची अळंबी

"तू जे जाळायला निघालायस ना, त्यातूनच खायची अळंबी उगवून दाखवतो!" फोटोकाकांनी मेव्हण्याला ठणकावून सांगितलं.

मेव्हण्याच्या शेतात मळणी उरकली होती आणि उरलेल्या गव्हाच्या काडाचं काय करावं, हा प्रश्न तो काडेपेटीनं सोडवणार होता.

"भाऊजी, तुमच्या हाताखाली कोरफडसुद्धा वाळली. अळंबी कसली उगवताय!"

झालं! काकांच्या स्वाभिमानालाच हात घातला त्यानं. दुसऱ्याच दिवशी काडाची पोती काकांच्या फोटो स्टुडिओसमोर येऊन पडली. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागे घर. पोती घरातून मागे नेताना दारापासून न्हाणीपर्यंत काडाचा गालिचा अंथरला गेला.

मग काड भिजवणं आलं, गरम पाण्यात उकळणं आलं. काकांनी घरातलं सगळ्यात मोठं पातेलं चुलीवर चढवलं.

"अहो, या पातेल्यात मी पाहुण्यांचं जेवण करते, गुरांचं नाही!" काकू ओरडल्या.

"अगं, काड निर्जंतुक करतोय."

"काडाला गरम पाण्याची आंघोळ! आणि स्वतः सकाळपासून पारोसे!"

काकांनी चुलीत आणखी एक लाकूड सरकवलं. निथळलेलं काड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरलं. काडाचा एक थर, त्यावर अळंबीचं बियाणं, पुन्हा काड. पिशव्यांची तोंडं बांधली, भोकं पाडली आणि सगळ्या नेऊन टांगल्या त्या फोटो धुवायच्या जुन्या अंधारखोलीत. डिजिटल कॅमेरे आल्यापासून ती खोली नुसती धूळ खात होती.

आणि काय सांगावं, काड पांढरं पडू लागलं! थोड्याच दिवसांत पिशव्या कापसाच्या उशांसारख्या दिसायला लागल्या. काका दर तासाला दार किलकिलं करून बघायचे. स्वतःच्या मुलीच्या बारशालाही ते इतके खूश नव्हते.

आता पिशव्या फाडून त्यांना मोकळी हवा आणि थोडा उजेड द्यायचा होता. काकूंनी स्वयंपाकघर नाकारलं. झोपायची खोली तर विचारण्याआधीच नाकारली. उरला स्टुडिओ! तिथे एक रंगवलेला पडदा होता. त्यावर तळं, तळ्यात हंस, मागे डोंगर. डोंगराला एका ठिकाणी भोक पडलं होतं, पण ते ग्राहकाच्या डोक्याआड लपायचं. काकांनी पडद्यामागे पिशव्या टांगल्या आणि रोज सकाळी त्यांच्यावर पाणी फवारायला सुरुवात केली.

"कसला हो ओलसर वास?" एखादा ग्राहक विचारायचा.

"फ्रेमचं नवीन लाकूड!"

"आणि हे टपटप काय?"

"पडद्यावर तळं आहे ना!"

इथवर ठीक होतं. मग एक दिवस हेडबाई आल्या. शाळेतून निवृत्त होत होत्या आणि त्यांचा फोटो शाळेच्या सभागृहात कायमचा लागणार होता. शाळेची सगळी कामं काकांकडेच यायची. वर्गांचे फोटो, ओळखपत्रं, स्नेहसंमेलन! बाई बिनसल्या तर स्टुडिओला कुलूपच.

आणि बाई हसायच्या नाहीत. आजवरच्या प्रत्येक ग्रुप फोटोत त्या मधोमध बसलेल्या आणि चेहरा असा, की जणू कॅमेऱ्यानंच गृहपाठ केलेला नाही!

"बाई, जरा हसा ना."

"हसतेच आहे."

"थोडं जास्त?"

"याहून जास्त मी निकालाच्या दिवशीही हसत नाही."

काकांनी कपाळावरचा घाम पुसला. डोंगराचं भोक दिसत होतं. "जरा मागे सरकता का?"

बाई मागे सरकल्या आणि ताठ झाल्या. "मागे कोण आहे?"

"कोणी नाही बाई. तळं आहे."

"तळं माझ्या मानेला हात लावतंय!"

आणि बाई खुदकन हसल्या. खांदे आक्रसून, डोळे मिटून, शाळकरी मुलीसारख्या! काकांचं बोट आपोआप दाबलं गेलं. क्लिक! दुसऱ्या क्षणी बाई किंचाळून उठल्या, खुर्ची पडद्यावर आदळली, पडद्याचा बांबू निसटला आणि हंसासकट सगळं तळं बाईंच्या डोक्यावर आलं!

पडदा बाजूला केला तर मागे पिशव्यांची रांग. प्रत्येक पिशवीतून करड्या अळंब्यांचे घोस फुटलेले. त्यातलाच एक डोंगराच्या भोकातून बाहेर डोकावला होता.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"सजावट," काका म्हणाले.

"भाजी," धावत आलेल्या काकू म्हणाल्या. दोघांचा आवाज एकाच वेळी निघाला!

काकांना शाळेची सगळी कामं पाय लावून पळताना दिसली. बाई कॅमेऱ्याजवळ गेल्या आणि त्याच्या छोट्या स्क्रीनवर आपला फोटो बघत राहिल्या. काकांना धीर धरवेना.

"ते कानामागचं फूल कॉम्प्युटरवर काढून टाकतो, बाई."

"मी उभा जन्म शास्त्र शिकवलंय. फुलाला पाकळ्या असतात. ही अळंबी आहे."

"हो बाई."

"राहू द्या ती." बाई पुन्हा फोटोकडे बघू लागल्या. आवाज एकदम मऊ झाला होता. "हसले की मी अशी दिसते, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

काकूंनी त्यांना खुर्ची पुसून दिली. काकांनी पडलेलं तळं हंसासकट उचलून ठेवलं.

फोटो सभागृहात लागला. पुढच्या रविवारी बघतात तर स्टुडिओच्या दारात शाळेतले सगळे शिक्षक नटूनथटून उभे!

"आम्हाला हेडबाईंसारखा फोटो हवा. अळंबी लावून!"

काका फुशारक्या मारत पडद्यामागे गेले आणि तसेच थबकले. पिशव्या साफ बोडक्या! आतून लसूण आणि मिरीचा घमघमाट आला. कपाळाला हात लावून ते बाहेर आले, तोवर काकू झारा घेऊन दारात उभ्या होत्या.

"आजच सगळी तोडून परतली हो. कानामागे लावायचीय की ताटात वाढू?"

शिक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. गणिताच्या सरांनी सगळ्यात आधी चपला काढल्या. बघता बघता स्टुडिओ रिकामा आणि स्वयंपाकघर गच्च!

काका कॅमेऱ्याजवळ एकटेच उरले. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. मग लेन्सला झाकण लावलं, मांडणीवरून एक ताटली घेतली आणि मुकाट्यानं रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभे राहिले.