पाठमोरा शांताराम

धुळ्याच्या बसस्टँडवर कुणी पाठमोरा माणूस डावा खांदा पाडून चालताना दिसला, की आमचे देवरे सर खच्चून ओरडतात, "शांत्या! ए शांत्या!" मी लगेच बसचं वेळापत्रक वाचू लागतो. सर माझे शेजारी. एकाच कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवायचे, मी मराठी. चारचौघांत लाज मात्र मलाच वाटते, त्यांना नाही.

वळून बघणारा कधी केळीवाला निघतो, कधी कंडक्टर. एक जण तर वैतागलाच. "ओ आबा, मी शांत्या नई शे! मांगे बी सांगेल व्हतं तुमले!"

सर हात जोडतात. "माफ करा हं. पहिल्या प्रकारची चूक."

शांताराम हा सरांचा धाकटा भाऊ. चोपड्याच्या घरातून एका दुपारी रागाने निघून गेला, तो परतलाच नाही. पुढे एकदा बसच्या खिडकीतून सरांना तसाच खांदा दिसला. खात्री नव्हती. हाक मारावी की नको, म्हणेपर्यंत बस सुटली. तेव्हापासून सरांचं ठरलेलं. "समोरचा शांताराम नाही, हे आपलं गृहीतक. ते खरं असताना हाक मारली तर पहिली चूक, लोक हसतील फार तर. पण तो शांतारामच असला आणि आपण गप्प बसलो, तर दुसरी. ती पुन्हा नाही करणार मी." मांजराने दार खरवडलं तरी सर उठून दार उघडतात.

भाऊ हरवल्याची तक्रार सरांनी पोलिसांत केव्हाच दिली होती. गेल्या महिन्यात पाचोऱ्याहून पोलिसांचा फोन आला. एक बेवारस माणूस गेला होता, ओळख पटवायची होती. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो म्हणाले, तर सर म्हणाले, "फोटोवरून निष्कर्ष नको." मीही सोबत गेलो.

हवालदाराने चादर बाजूला केली. डाव्या भुवईवर जुनी खूण होती. लहानपणी सरांनीच मारलेली विटी शांतारामला तिथे लागली होती, हे मी कितीदा ऐकलंय. करंगळी वाकडी. डावा खांदा निजल्यावरही पडलेला.

"विटी कोणालाही लागते," सर म्हणाले. "करंगळीही पुष्कळांची वाकडी असते. पुरावा अपुरा आहे."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. आणि एरवी चुकूनही अहिराणी न बोलणारे सर पुटपुटले, "हाऊ मना भाऊ नई शे."

ज्या चुकीला ते इतकी वर्षं घाबरले, तीच त्यांनी माझ्यादेखत केली, समजून उमजून. मला रडू आवरेना. निघताना त्यांनी त्या माणसाच्या उघड्या पायांवर चादर मात्र नीट ओढली.

संध्याकाळी धुळ्याला उतरलो. पुढे एक जण डावा खांदा पाडून चालला होता. सरांचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. तो माणूस गर्दीत शिरू लागला.

मग मीच ओरडलो, "शांत्या! ए शांत्या!"