कढीतला जीव

आंजीत कौशल्याबाईंच्या विरजणाला मान होता. अर्ध्या गावाचं दही त्यांच्याच वाटीतून लागायचं. बाई मोठ्या दयाळू. मुंग्यांना साखर टाकल्याशिवाय स्वतः चहा घ्यायच्या नाहीत, आणि लग्नापासून एकही एकादशी त्यांनी मोडली नव्हती. अशा बाईला सूक्ष्मदर्शक दाखवू नये, हे त्यांच्या सुनेला, आकांक्षाला, कळायला हवं होतं. पण ती पडली विज्ञानाची मास्तरीण. धड्याच्या तयारीसाठी शाळेतलं यंत्र तिने घरी आणलं, सासूच्या दह्याचा थेंब काचेवर घेतला आणि कौतुकाने म्हणाली, "आई, पाहा तुमचं विरजण."

कौशल्याबाईंनी एक डोळा मिटला. दुसरा यंत्राला लावला.

"ह्या बारक्या काड्या कायच्या हायेत?"

"जिवाणू आहेत ते. एकेक काडी म्हणजे एकच पेशी, पण पुरता जीव. खातो, वाढतो, एकाचे दोन होतात."

गॅसवर डाळीच्या गोळ्यांची कढी रटरटत होती. कौशल्याबाईंनी तिकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. "म्हंजे इतकी वर्सं मी याइले जितेच उकळून राह्यली."

त्या दिवसापासून कढी बंद. सासरे प्रभाकरराव यांच्या घशाखाली कढीवाचून घास उतरत नसे. ते मुकाट्याने वरण ओरपून उठले. पण संशय एकदा शिरला की घरभर फिरतो. संध्याकाळी कौशल्याबाईंनी विचारलं, पालकात पेशी असतात का? खोटं सांगणं आकांक्षाला जमणारं नव्हतं. असतात, ती म्हणाली. पालक गेला. पाठोपाठ कांदा गेला; त्याच्या पेशी तर शाळेतली पोरंसुद्धा बघतात. हरभऱ्याला मोड येतात म्हणजे तोही जिताच, हे कौशल्याबाईंनी आपणच शोधून काढलं, आणि मग ज्वारीलाही सुटका राहिली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या नुसत्या मीठ-पाण्यावर होत्या. घागर उचलायला गेल्या आणि भोवळ येऊन बाजेवर आडव्या झाल्या.

आता मात्र आकांक्षाचा धीर सुटला. प्रभाकरराव बायकोचे तळवे चोळत होते. ते हळूच म्हणाले, "सूनबाई, तुमच्या सायन्सनं तिले झोपवलं. आता त्याच सायन्सनं उठवा."

आकांक्षा बाजेशी बसली. तिला रडू येत होतं, आणि त्यात शाळेतली भाषाही गळून पडली. "आई, एक सांगाचं राह्यलं. तुमच्या पोटात दह्याहून जास्त जीव हायेत. जनमभर तिथंच राह्यतात. तुमी जेवता, त्यातलंच ते खातात. कालपासून तेही उपाशी हायेत."

कौशल्याबाईंनी डोळे उघडले. त्यांच्या दारातून आजवर कुणी उपाशी परतलं नव्हतं, आणि हे तर घरातच राहणारे. पाहुणा उपाशी राहिला तर पाप कुणाच्या माथी, एवढं त्यांना यंत्राशिवायही दिसत होतं.

"आधी काऊन नाई सांगतलं? वाढ."

त्या भाकर जेवल्या, पालक जेवल्या, आणि कढी तर दोनदा मागून घेतली. घर मार्गाला लागलं.

मग एकादशी आली. प्रभाकरराव रिकाम्या पोटी स्वयंपाकघरात डोकावले, तर कौशल्याबाई कढीत भाकर कुस्करत होत्या.

"अवं, आज एकादशी हाय."

"मालूम हाय मले," त्या शांतपणे म्हणाल्या. "उपास माहा हाय. त्याइचा थोडीच हाय?"

प्रभाकररावांनी पाट ओढला आणि तेही बसले. "मंग मलेही वाढ. माह्यावाले तं सकाळपासून बोंबलून राह्यले."