तोंडातली टॉर्च

जेवणाच्या टेबलावर चार टॉर्च ओळीने मांडल्या होत्या आणि मीटरवाले त्यांच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसले होते. एक गोल, एक चपटी, एक पेनासारखी बारीक आणि एक मान वाकवलेली.

"एक उचला आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली. "मी चपला घेताना एवढा वेळ लावला तर दुकानाबाहेर जाऊन उभे राहता."

"विचार करतोय."

"बाबा, मोबाईलला टॉर्च असते," मुलगी म्हणाली.

"मोबाईल तोंडात मावत नाही."

"तोंडात धरायचीच नाहीये आता! म्हणून तर चाललंय ना हे सगळं?"

मीटरवाले गप्प बसले. गप्प बसणं त्यांना चांगलं जमत असे.

विजेच्या मीटरचे आकडे टिपणं हे त्यांचं काम. त्यांच्या वाट्याला आलेल्या जुन्या इमारतींत मीटर दाराशेजारच्या अंधाऱ्या कोनाड्यात असत. पेटीचं झाकण एका हाताने वर धरावं लागे, सोडलं की बोटांवर पडे. दुसऱ्या हातात आकडे भरायचं यंत्र. उरलं तोंड. म्हणून नोकरीला लागल्यापासून ते टॉर्च दातांत धरत आले होते. गेल्या महिन्यात एका कोनाड्यातली धूळ नाकात गेली, जोराची शिंक आली, टॉर्च तोंडात राहिली आणि पुढचा दात बाहेर आला. टॉर्चला काही झालं नाही.

दातांच्या डॉक्टरांनी नवा दात बसवला आणि बजावलं, "ही लोखंडी वस्तू पुन्हा तोंडात दिसता कामा नये. नाहीतर शेजारचेही जातील." डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मीटरवाल्यांच्या तोंडात त्यांची दोन बोटं आणि एक आरसा होता, त्यामुळे ते "ऊं" म्हणाले. ते कबुलीसारखं ऐकू आलं.

मग ते टॉर्चच्या दुकानात गेले. दुकानदाराने नवे नवे आकार काढून दाखवले. बारीक टॉर्च हातात आल्यावर मीटरवाल्यांनी ती सवयीने तोंडात घालून पाहिली.

"काका!" दुकानदार ओरडला. "आता ही कोणाला विकू मी?"

अशी ती बारीक टॉर्च घरी आली. बाकीच्या दोन, एवढं ओशाळल्यावर नाही कसं म्हणायचं, म्हणून आल्या. गोल त्यांची जुनीच होती.

खरी अडचण त्यांनी घरी सांगितली नव्हती. मीटरवाले स्वभावाने भिडस्त. ओळखीच्या माणसाला "काय, बरंय ना?" एवढं विचारायचं तरी ते आधी मनात म्हणून पाहत, आणि तोवर माणूस पुढे गेलेला असे. अशा माणसाला रोज दारोदार जायचं काम मिळालं होतं, आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न असे : "बिल एवढं कसं येतं हो?" पण तोंडात टॉर्च असली की उत्तर द्यावं लागत नाही. "ऊं" म्हणायचं, मान हलवायची, पुढचं दार गाठायचं. पुढे पुढे लोक समजू लागले की मीटरवाले मुके आहेत. "बोलता येत नाही बिचाऱ्यांना," असं एका दारात त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तो गैरसमज दूर करायचा तर बोलावं लागलं असतं. त्यांनी तो राहू दिला.

आता टॉर्चचा कुठलाही आकार निवडला तरी तोंड मोकळंच राहणार होतं. टेबलाशी एवढा वेळ लागला तो त्यामुळे.

शेवटी ते एकेक टॉर्च कामावर नेऊन पाहू लागले. गोल टॉर्च त्यांनी आधी काखेत धरून पाहिली. झाकण उचलायला हात वर केला की ती पडे, आणि गोल असल्यामुळे पडून थांबत नसे. ती जिन्यावरून खाली जाई आणि तिच्या मागोमाग मीटरवाले. चपटी खिशाला अडकवली, तर उजेड सरळ हनुवटीवर. मीटर अंधारात आणि मीटरवाले उजेडात. ज्या बाईंनी पहिलं दार उघडलं, त्यांनी ते लगेच लावूनही घेतलं. वाकड्या मानेची मात्र खिशाला अडकवली की उजेड नेमका आकड्यांवर. हात मोकळे, मान मोकळी, तोंड मोकळं. तिच्यात काढायला खोट सापडेना, आणि हेच त्यांना आवडलं नाही.

ती लावून ते तीन मजली इमारतीत शिरले. तळमजल्यावर पहिल्या दारात एक सासू आणि एक सून राहत. सासूबाई, म्हणजे इमारतीतल्या सगळ्यांच्या आजी, दारातल्या खुर्चीवर बसल्या होत्या. सून ऑफिसला निघाली होती.

"बिल एवढं कसं येतं, देव जाणे," पर्स शोधता शोधता ती म्हणाली. भिंतीला म्हणावं तसं म्हणाली, उत्तराची अपेक्षा नव्हतीच.

मीटरवाले सवयीने "ऊं" म्हणाले. पण टॉर्च असलेल्या तोंडातलं "ऊं" वेगळं आणि रिकाम्या तोंडातलं वेगळं. हे फार उद्धट वाटलं. त्यांनाच लाज वाटली, आणि सावरून घ्यायला म्हणून ते घाईघाईने म्हणाले, "गिझर असेल. दुपारचा बराच वेळ चालू असतो."

सुनेच्या हातातली पर्स पडली. "अगं बाई, हे बोलतात!"

मग तिला पुढचं सुचलं. "दुपारी? दुपारी मी घरात नसते."

दोघांनी आजींकडे पाहिलं. आजी छताकडे पाहत होत्या. रोज दुपारी घर रिकामं झालं की त्या बादलीभर कढत पाण्यात पाय सोडून बसत, हे त्यांनी बहिणीला फोनवर सांगितलं होतं. सांगताना शेजारी मीटरवाले झाकण धरून उभे होते. मुक्या माणसाला ऐकूही येत नाही, असं आजींनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"म्हणजे तुम्ही सगळं ऐकत होता?" आजींनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता. दुखावल्याचा होता, आणि मीटरवाल्यांना ते जास्त लागलं. चार शब्द बोललो काय आणि म्हातारीचं सुख घालवलं काय, असं मनाशी म्हणत ते जिना चढले.

पण बातमी त्यांच्या आधी वर पोचली होती. पहिल्या मजल्यावर शिंप्याने दुकानातलं एकुलतं एक स्टूल पुढे सरकवलं.

"बसा, साहेब. चहा घ्या. त्या दिवशी मी फोनवर म्हणालो ना, की कपडे तयार आहेत, फक्त बटणं राहिलीत..."

"मी काही ऐकलं नाही," मीटरवाले म्हणाले.

"तेव्हा कापड अजून कापलंसुद्धा नव्हतं, हे तुम्ही पाहिलंत."

"मी मीटर पाहत होतो."

"देवमाणूस आहात. चहात साखर?"

दुसऱ्या मजल्यावरचं नवरा-बायकोचं जोडपं त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवूनच त्यांना आत घेऊन गेलं. हे जोडपं दर महिन्याला भांडे, आणि मीटरवाले आले म्हणून कधी थांबत नसे.

"आता तुम्हीच सांगा," नवरा म्हणाला. "इतकी वर्षं समोर उभे आहात. सुरुवात कोण करतं?"

"हो, सांगाच," बायको म्हणाली. "घाबरू नका ह्यांना."

"मी फक्त महिन्यातून एकदा येतो," मीटरवाले म्हणाले.

"तेवढं पुरे! मागच्या महिन्यात कोणी केली?"

मागच्या महिन्यात बायकोने केली होती, त्याच्या आधी नवऱ्याने. मीटरवाल्यांनी घाम पुसला आणि ते म्हणाले, "दोघं एकदमच." दोघांनाही हे पटलं नाही. मग साक्षीदार कोणाच्या बाजूचा यावरून नवं भांडण जुंपलं. या वेळी सुरुवात निर्विवाद मीटरवाल्यांनी केली होती.

गल्लीतल्या इतर इमारतींत दुसऱ्या दिवसापासून हेच. ज्यांना काही लपवायचं होतं ते चहा देत, ज्यांना काही सिद्ध करायचं होतं ते खुर्ची देत. मीटरवाले घरी येत ते पोटात चहा आणि घशात कोरड घेऊन. जेवताना बायकोने "मीठ हवंय?" विचारलं तरी ते दचकत. आकडे टिपण्याचं काम निम्म्यावर आलं, आणि एके सकाळी साहेबांनी बोलावलं.

"तुमच्याविरुद्ध तक्रारी आल्यात."

मीटरवाल्यांचा चेहरा पडला. आजवर एक तक्रार नव्हती.

"कसली तक्रार, साहेब?"

"तुम्ही बोलता म्हणून." साहेबांनी चष्मा काढला. "शिंपी म्हणतो माणूस संशयास्पद आहे, सगळं ऐकून ठेवतो. एक जोडपं म्हणतं पक्षपाती आहे. पक्षपाती या एका बाबतीत त्यांचं एकमत आहे. आधी काय करायचात तुम्ही?"

"टॉर्च तोंडात धरायचो."

"मग धरा."

"दातांचे डॉक्टर नको म्हणतात."

"ते डॉक्टर माझ्या हाताखाली नाहीत. तुम्ही आहात. आणखी एक तक्रार आली तर मला तुम्हाला काउंटरवर बसवावं लागेल."

काउंटर म्हणजे बिलाच्या तक्रारींची खिडकी. तिथे दिवसभर बोलायचं असे आणि दिवसभर फक्त बोलायचंच असे.

संध्याकाळी ते पुन्हा टेबलाशी बसले आणि पुन्हा चार टॉर्च मांडल्या. या वेळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. अडखळत, पण सगळं. तिने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही.

"एवढं तुम्ही माझ्याशी लग्नानंतर पहिल्यांदा बोललात," शेवटी ती म्हणाली. मग तिने बारीक टॉर्च उचलली, मागचं टोपण फिरवलं आणि आतला सेल काढून घेतला. "ही प्लॅस्टिकची आहे. पिसासारखी हलकी. ही धरा तोंडात."

"पण पेटणार नाही."

"उजेड खिशातल्या वाकडीचा येतोय ना? मग हिला पेटायचं काय कारण? हिचं काम वेगळं."

मीटरवाल्यांनी टॉर्च तोंडात धरली. दुकानात बसली होती तशीच नेमकी बसली.

"दाताला लागते का?" बायकोने विचारलं.

"ऊं," मीटरवाले म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचे खांदे सैल पडले.

पुढच्या महिन्यात ते इमारतीत शिरले तेव्हा शिंप्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, हुश्श केलं आणि फोनवर सांगितलं, "फक्त काजं राहिलीत." जोडपं त्यांच्यासमोर मनसोक्त भांडलं आणि कोणाला काही विचारलं गेलं नाही. मीटरवाल्यांना सगळं ऐकू येतं, हे आता सगळ्यांना माहीत होतं. पण तोंडात टॉर्च असलेल्या माणसाचं कोण मनावर घेतं?

तळमजल्यावरचं ते दार मात्र त्यांनी शेवटी ठेवलं होतं. आजी खुर्चीवरच होत्या. मीटरवाल्यांनी खाली मान घालून झाकण उचललं.

"सुनेने आता सांगूनच ठेवलंय," आजी हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणाली, आई, दुपारी खुशाल गिझर लावा, पाय शेका. स्वतः बादली भरून ठेवून जाते." त्यांनी सुस्कारा सोडला. "पाणी तेच आहे हो. पण चोरून शेकण्यात जे होतं, ते आता नाही राहिलं."

मीटरवाल्यांना फार वाईट वाटलं. क्षमा मागावी असं मनात आलं. ते वाक्य मनात म्हणून पाहत असतानाच आजी खुर्चीवरून पुढे वाकल्या आणि डोळे बारीक करून पाहू लागल्या. आधी खिशाकडे, मग तोंडाकडे.

"उजेड खिशातून येतोय," आजी म्हणाल्या. "तोंडातली बंद आहे."

मीटरवाले थिजले. यंत्र पेटीवर ठेवून त्यांनी टॉर्च तोंडातून काढली, रुमालाला पुसली, म्हणाले, "हो," आणि ती परत होती तिथे ठेवली.

आजींच्या चेहऱ्यावर, गिझरची गोष्ट फुटल्यापासून न दिसलेलं चोरटं हसू दिसू लागलं. त्यांनी दाराकडे एक नजर टाकली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"कोणाशी बोलताय, आई?" सुनेने आतून विचारलं.

"कोणाशी नाही गं," आजी म्हणाल्या. "मीटरवाले आलेत."