इंगोले लायनमन आणि कोऱ्या पानावरचा शेरा

पुस्तकाला नावं ठेवणाऱ्याच्या घरी जाऊन त्याला जाब विचारणारा वाचक मी आयुष्यात एकच पाहिला. नामदेव इंगोले, आमच्या अनसिंगचा लायनमन. अंगात खाकी, कमरेला जाड पट्टा, पट्ट्यात पक्कड आणि काखेत आमच्या वाचनालयाची कादंबरी. दारात उभा राहून पहिला प्रश्न असा, "पुरं वाचलं का तुमी, का नुसतीच पानं पलटवली?"

मी त्या वाचनालयाचा ग्रंथपाल. झाडू मारणारा, फाटक्या पुस्तकांना खळ लावणारा आणि सभासदांची बोलणी खाणाराही मीच. इंगोल्याच्या तक्रारी माझ्याकडेच यायच्या. कोणी म्हणे तुमचा लायनमन जेवताना येऊन बसला, कोणी म्हणे म्हाताऱ्याला घाम फोडला. तुमचा लायनमन! जसा काही मीच त्याला दत्तक घेतला होता. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझं डोकं तापतं.

ती कादंबरी मागवायला लावली त्यानंच. सूचनांच्या वहीत दोन वर्षं दर महिन्याला तीच मागणी लिहून त्यानं आमच्या कमिटीला टेकीस आणलं. कव्हरवर एक डोकं आणि त्याला गुंडाळलेल्या तांब्याच्या तारा. गोष्ट अशी की पुढच्या काळात एक भलं मोठं शहर आहे, ते एका यंत्रावर चालतं, आणि लोक कानशिलाला तार लावून त्या यंत्राच्या आत जातात. आत रस्ते, आत बाजार, आत चोऱ्याही. नायकाचा मेलेला भाऊ त्याच तारेतून त्याच्याशी बोलतो. आमच्या गावात वीज येऊन जेमतेम पाच वर्षं झालेली, अर्ध्या घरांत अजून कंदील. त्या गावानं हे वाचावं आणि वर आवडून घ्यावं, असा याचा हट्ट!

जगातल्या प्रत्येक गोष्टीला त्याचं एकच माप होतं, करंट. चहा प्यायला की, "करंट नाही." पुढाऱ्याचं भाषण ऐकलं की, "आवाज हाये, करंट नाही." माझ्या पुतण्याला मुलगी पाहायला गेलो तेव्हा हा आगंतुक सोबत आला आणि मुलीच्या बापासमोर म्हणाला, "पोरीत करंट हाये, पोराचं काही सांगता येत नाही." ते लग्न मोडता मोडता राहिलं. या कादंबरीत मात्र त्याच्या मते पानोपानी करंट होता. तसा लेखकावरही तो भडकलेलाच असे. एवढं मोठं शहर बांधलं लेकाच्यानं, पण एकाही यंत्राले अर्थिंग देल्लं नाही, हे तो मला आठवड्यातून दोनदा ऐकवायचा. पण लेखकाला बोलायचा हक्क फक्त त्याचा. दुसऱ्या कोणी बोललं की संपलं.

आता आमच्याकडची एक वाईट खोड सांगतो. 'पुस्तकावर काहीही लिहू नये' अशी पाटी मी स्वतः रंगवून लावली होती. तरी वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर सहीनिशी शेरा मारल्याशिवाय एकाही सभासदाला अन्न पचत नसे. या कादंबरीचं ते पान तर चार महिन्यांत भरत आलं. 'लय भारी.' 'डोक्यावरून गेले.' 'पहिली साठ पाने फाडली तरी चालेल.' 'ज्याला शेवट कळला त्याने मला भेटावे.' किराणा दुकानदारानं लिहिलं, 'अख्ख्या पुस्तकात एकही माणूस जेवत नाही.' दवाखान्यातल्या नर्सबाईंनी लिहिलं, 'दोनदा वाचले. दुसऱ्यांदा रडू आले.' आणि एका गुरुजींनी लाल शाईत दहापैकी तीन गुण दिले.

प्रत्येक शेरा मारणाऱ्याच्या मागे इंगोले. दुकानदाराशी त्याचं दोन तास वाजलं. गिऱ्हाइकं तिष्ठत उभी आणि हे दोघं पुढच्या जमान्यातली माणसं काय खातील यावर भांडताहेत. गुरुजींना तर त्यानं उत्तरपत्रिका फेरतपासणीला दिल्यासारखं पुस्तक परत वाचायला लावलं. ते चार गुणांवर आले.

आणि मग त्या पानावर तळाशी पेन्सिलीनं एक शेरा उमटला. 'मेलेला माणूस तारेतून बोलतो म्हणे! हे ज्याला खरे वाटेल त्याने स्वतःचे डोके तपासून घ्यावे.' खाली सही नाही.

तो शेरा मी मारला होता. होय, मीच. पाटी रंगवणाऱ्यानं. रोज टेबलाशी येऊन तो माणूस, "वाचलं का? कुठवर आले?" म्हणून माझं डोकं खायचा. शेवटी तीन दिवस घालवून वाचलं आणि त्या भावाच्या प्रकरणाशी आलो तेव्हा अशी तिडीक गेली डोक्यात, की पेन्सिल उचलली आणि लिहून मोकळा झालो.

इंगोल्यानं तो शेरा वाचला तेव्हा मी समोरच होतो. वाटलं, आता आरडाओरडा करील. पण त्यानं पानावर बोट ठेवून ती ओळ परत वाचली. मग म्हणाला, "हा कोण हाये, ते मले पाह्यजे." आणि गेला.

दुसऱ्या दिवसापासून गावात नवीन कायदा सुरू झाला. फ्यूज उडाला, तार लोंबली, दिवा मिणमिणला, काहीही झालं तरी इंगोले खांबावर चढायच्या आधी अर्ज मागायचा. आपल्या हातानं लिहिलेला, आणि त्यात 'तार' हा शब्द पाहिजेच. अर्ज घ्यायचा, सायकलच्या पिशवीतलं पुस्तक काढायचा आणि अक्षराशी अक्षर ताडून पाहायचा. लोकांना वाटलं सरकारी नियम आला. आपल्या लोकांचं असंच आहे, नियम म्हटला की का म्हणून कोणी विचारत नाही, कागद कुठं मिळतो एवढंच विचारतात.

आता निम्म्या गावाला लिहिता येत नव्हतं. ती सगळी मंडळी कोणाकडे येणार? ग्रंथपालाकडे! सकाळपासून माझ्या टेबलासमोर रांग. "भाऊ, माह्या घरचा लाइट गेला, दोन ओळी लिहून द्या." मी इंगोल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत लिहीत होतो. पुस्तकं राहिली बाजूला, मी अर्जनवीस झालो. रागात माणूस आंधळा होतो म्हणतात, ते खोटं नाही. वाचनालयाच्या रजिस्टरात मी फक्त आकडे भरायचो, सह्या सभासदांच्या, त्यामुळे माझं अक्षर त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आणि आता मीच माझ्या हातानं ते चाळीस वेळा त्याच्याकडे पाठवलं.

चाळीस नावांखालचं एकच अक्षर कोणाचं, याचा छडा लागला तसा तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी तो आला. टेबलावर अर्जांचा गठ्ठा ठेवला, शेजारी कादंबरी उघडून ठेवली. मी ओळखलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तसा मीच आधी सुरू झालो. गावाला वेठीस धरायला तू कोण, कारकुनाचं काम माझ्या गळ्यात काहून मारलं, आणि होय, लिहिला मी शेरा, काय करायचं ते कर!

तो स्टुलावर बसला. कमरेचा पट्टा सोडून मांडीवर घेतला.

"भांडाले नाही आलो," तो म्हणाला. "माह्या संगं लायनवर एक शेषराव होता. मानोऱ्याकडं होतो आमी तवा. तो खांबावर, मी खाली. आमच्या डोक्यावर आभाळ कोरडं होतं. दूर कुठंतरी वीज पडली आन् तारेतून आली. वरच गेला तो."

मी खुर्ची त्याच्याकडे ओढली.

"त्याच्या आंधी तो वरून काहीतरी बोलला मले. वाऱ्यानं आयकू नाही आलं. मी हात हालवला, म्हणलं खाली आल्यावर सांग." त्यानं मांडीवरचा पट्टा गुंडाळला. "कोनाची चुकी नोती. कोनावर राग काढाव, असा मानूसच नाही सापडला."

बाहेर एक बाई अर्ज लिहायला येऊन उभी होती. मी तिला हातानंच थांबायला सांगितलं.

"चार वर्षं झाले. खांबावर चढलो का कान लावतो मी. तार गुनगुनते, बोलत नाही. समद्यायनं लिहिलं, आवडलं, नाही आवडलं, कळलं नाही. तुमी एकट्यानंच पक्कं लिहिलं. म्हणून शोधत होतो तुमाले." त्यानं माझ्या शेऱ्यावर बोट ठेवलं. "तुमाले कसं मालूम, ग्रंथपाल? इतकं पक्कं?"

तो खरंच विचारत होता. टोमणा नव्हता, राग नव्हता. ज्या पुस्तकासाठी तो दोन वर्षं कमिटीशी आणि मग साऱ्या गावाशी भांडत आला, त्याबद्दल त्याला एवढंच कोणाला तरी विचारायचं होतं. मला माझीच इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"मले नाही मालूम, इंगोले," मी म्हणालो.

त्यानं माझ्याच टेबलावरची पेन्सिल उचलून माझ्यापुढे ठेवली. मी ती बाजूला सारली आणि रजिस्टरचा शाईचा पेन घेतला. तळाला बोटभर जागा उरली होती. तिथं लिहिलं, 'मला माहीत नाही.' खाली पूर्ण नाव घातलं, सही केली. त्यानं ते वाचलं, शाई वाळेपर्यंत पुस्तक मिटू दिलं नाही, आणि मग उठून बाहेरच्या बाईला विचारलं की तिच्या घरचा लाइट कधीपासून गेला आहे.