फुटपाथवरचे पाठमोरे

ही गोष्ट १९६२ सालची. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मलकापुरात स्टेशनपासून कापसाच्या जिनिंगच्या फाटकापर्यंत, रस्त्याच्या एका कडेनं, शहाबादी फरशांचा फुटपाथ झाला होता. आजच्या पोरांना त्यात काय विशेष वाटणार? पण तोवर आमच्याकडे रस्ता म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात धूळ, पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल. फरशी मळेल म्हणून सुरुवातीला बायका त्या फुटपाथवर चपला हातात घेऊन चालत.

भांडण लगेच सुरू झालं. फुटपाथ चालणाऱ्यांचा, की सायकलवाल्यांचाही? भाड्याच्या सायकलींचं दुकान असलेला पुंजाजी म्हणे, "चाकानं फरशी झिजत नाही. झिजते ते तुमच्या टाचांनी." त्यावर कापडवाले भगवंतराव उसळत, "मंग उद्या बैलगाडी चढव बे वर! तिलेबी चाकंच हायेत."

जिनिंगमधले कारकून वामनराव तेव्हा भगवंतरावांच्या बाजूचे होते. "फुटपाथवर सायकलवाला दिसला का कॉलर धरून खाली ओढा," असं ते पानठेल्यावर उभं राहून सांगत. मग त्यांनी स्वतः सायकल घेतली. हिरवी, चेनवर झाकण असलेली, आणि घंटी तर अशी की देवळात टांगावी. त्या दिवसापासून त्यांचं मत फिरलं. "चालणाऱ्यानं जरासं बाजूले व्हावं," ते म्हणू लागले. "त्याचं काय जाते? पाय धुतले का झालं."

भाद्रपदातला पितृपंधरवडा चालू होता. शेजारच्या कौशल्याबाई बाजारातून गवार आणि लाल भोपळा घेऊन फुटपाथवरून येत होत्या. वामनरावांना त्यांनी लहानपणी कडेवर खेळवलेलं. मागून एकदम ती घंटी खणाणली. बाई दचकल्या आणि भोपळ्यासकट चिखलात उतरल्या. उतरल्या म्हणजे बसल्याच.

"काकू, घंटी वाजवली होती ना!" असं ओरडून वामनराव न थांबता पुढे गेले.

त्या संध्याकाळी ते अंगणात चाकाच्या तारा पुसत बसले होते. त्यांची बायको आशाबाई दारात येऊन म्हणाली, "उद्याचं ध्यानात हाय ना?"

"हाव हाव."

"काय हाय, सांगा बरं."

"तू सांगतलं तेच."

आशाबाई आत गेली. भांडी जरा जोरात वाजली, पण तारा पुसणाऱ्याला ती ऐकू आली नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेच वामनराव कचेरीच्या कामानं रेल्वेनं शेगावला निघून गेले. सायकल स्टेशनवर ठेवली.

परतले तेव्हा दिवेलागण होत आली होती. आभाळ गच्च भरलेलं, वारा अजिबात नाही. स्टेशनाबाहेर वळताना चाक चिखलात घसरलं आणि वामनराव रस्त्यात आडवे झाले. समोरून सरकीची गाडी येत होती. बैलाचा श्वास त्यांच्या कानाला लागला, चाकाची लोखंडी धाव डोक्याशी करकरली, आणि त्यांनी डोळे गच्च मिटले.

उघडले तेव्हा गाडी पुढे निघून गेली होती. गाडीवाल्यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. वामनराव उठले. डोकं चाचपलं, गुडघे चाचपले. कुठंच दुखत नव्हतं. तेच त्यांना जरा चमत्कारिक वाटलं. पडल्यावर माणसाला थोडं तरी दुखावं.

सायकल फुटपाथवर चढवून ते निघाले. पहिलं दुकान भगवंतरावांचं. रोजचा रामराम ठरलेला. भगवंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, सावकाश उठले, हात जोडले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"भगवंतराव! काऊन, काय झालं?"

वामनरावांनी खांदे उडवले आणि पायडल मारलं.

पुढे दोन बाया येत होत्या. त्यांनी हात जोडले आणि पाठ फिरवली. शिंप्यानं मशीन थांबवलं, हात जोडले, पाठ फिरवली. भाजीवाली, वाणी, दाढी अर्धी झालेलं गिऱ्हाईक, सगळे एकामागून एक उठत होते आणि भिंतीकडे वळत होते. मघापर्यंत गजबजलेला रस्ता गप्प झाला. सबंध फुटपाथभर नुसत्या पाठीच पाठी, आणि त्यांच्या मधून वामनरावांच्या चाकाची टिकटिक.

त्यांनी घंटी वाजवली. एकानंही वळून पाहिलं नाही.

कौशल्याबाई ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. त्यांनीही हात जोडले, पदर तोंडाला लावला आणि वळल्या. त्यांचे खांदे गदगदा हलत होते. रडताहेत!

 वामनराव सायकलवरून उतरले आणि पायापाशी सावली शोधू लागले. सावली नव्हती. सूर्य बुडाला होता आणि पालिकेचे कंदील अजून लागायचे होते, पण एवढा विचार त्या वेळी कोणाला सुचतो?

घराला बाहेरून कडी. ओट्यावर, दक्षिणेच्या अंगाला, पत्रावळ वाढलेली. भात, कढी, उडदाचे वडे, गवारीची भाजी. सगळं त्यांच्या आवडीचं. शेजारी पाण्याचा तांब्या. आतून धुपाचा वास येत होता. खिडकीला नाक लावून त्यांनी पाहिलं. समईच्या उजेडात पाटावर तसबीर होती. झेंडूचा हार, काळी टोपी, तेच कपाळ, त्याच मिशा.

"लय लवकर केलं लेको," ते पुटपुटले. "फोटो कवा काढला माहा?"

ते ओट्याच्या पायरीवर बसले. सगळा हिशोब आता नीट लागत होता. गाडी डोक्यावरूनच गेली असणार. म्हणून दुखत नव्हतं. म्हणून लोक हात जोडत होते. मेलो ते शेगावहून यायच्या आत की आल्यावर, एवढाच काय तो घोळ राहिला होता, पण मेलेल्या माणसाला वेळेचं काय कळतं?

मग त्यांचं लक्ष पत्रावळीकडे गेलं. एक शीतही हललेलं नव्हतं. कावळा शिवला नव्हता. समोरच्या निंबावर कावळा होता खरा, शेवटच्या उजेडात नुसता काळा ठिपका. मान वाकडी करून तो वामनरावांकडेच पाहत होता.

म्हणजे इच्छा राहिली होती. कोणाची? त्यांचीच. आणि ती ओळखून वचन द्यायला घरात कोणी नव्हतं. वामनराव उभे राहिले. स्वतःच हात जोडून निंबाला म्हणाले, "हेडक्लार्क व्हायचं राह्यलं. त्याचं काय नाही बापा, सोडलं. शीव."

कावळा हलला नाही.

"सायकलीले दिवा घ्यायचा होता. तोबी राहू दे."

कावळा हलला नाही. अंधार दाटत होता. वामनराव एक पाऊल पुढे सरकले. "आशे, तुले एक दिवसबी धड उत्तर नाही देल्लं. तू बोलत जाय, मी ऐकत जाईन. आता कसा ऐकीन म्हणा..."

कावळ्यानं पंख झटकले, पण जागचा उठला नाही.

वामनरावांना आता रडू फुटलं. कालची चिखलात बसलेली म्हातारी डोळ्यांपुढे आली. "काकूले पाडलं अन् थांबलो नाही. चालणाऱ्याची जागा हाय ते. फुटपाथवर पुन्हा कधी सायकल नाही घालणार. बापाची आण!"

फडफड झाली. कावळा सरळ खाली आला, वड्याला चोच मारली, वडा उचलला आणि अंधारात गेला.

"मी गेलो व माय!" म्हणून वामनराव मटकन खाली बसले.

"कुठी गेले?" मागून आवाज आला. आशाबाई उभी होती, हातात कंदील. तिच्या मागे कौशल्याबाई, पदर अजून तोंडाशीच.

"तुले... मी दिसून राह्यलो?"

"दिसणार नाही त काय? सकाळपासून वाट पाहून राह्यले. आज मामंजीची तिथी! काल कानीकपाळी ओरडले त तुम्ही तारा पुसत होते. ऐन तिथीले पोरगा शेगावात अन् कावळा काही केल्या शिवेना. 'नवी तसबीर करू, अन्नदान करू', म्या सारं बोलून पाह्यलं. हालला नाही!"

"तो फोटो..."

"मामंजीचा. तुमच्यावाणीच तर दिसत."

"अन् लोक? पाठी फिरवून?"

आता कौशल्याबाईंना हसू आवरेना. "अरे वामन, काल तू मले चिखलात बसवलं ना, तवा भगवंतरावानं मारुतीच्या देवळात सभा घेतली. भांडण नाही, शिवी नाही. फुटपाथवर सायकलवाला दिसला का हात जोडायचे, पाठ फिरवायची अन् बोलायचं नाही. सत्याग्रह! आज पयलाच दिवस, अन् पयला तूच आला."

"मंग तुम्ही रडत काऊन होत्या?"

"रडत? हसू दाबता दाबता जीव चालला होता माहा! तू सावली धुंडत होता का रे खाली?"

वामनरावांनी त्याच वेळी आंघोळ केली, बापाच्या तसबिरीला नमस्कार केला आणि उरलेले सगळे वडे खाल्ले.

पुढे वामनराव हेडक्लार्क झालेच नाहीत. ते रिटायर होईपर्यंत जिनिंगला जाताना चिखलातून सायकल चालवत, आणि फार पाऊस असला तर खांद्यावर घेऊन फुटपाथवरून पायी जात. भगवंतराव पालिकेत निवडून आले, मग त्यांनी दुकानाच्या पायऱ्या फुटपाथवर आणल्या. पुंजाजीनं त्यांच्यासमोरच भाड्याच्या सायकलींची रांग लावली. त्यामुळे कौशल्याबाई अखेरपर्यंत रस्त्याच्या मधूनच चालल्या, आणि चांगल्या नव्वदीपर्यंत चालल्या.

आशाबाई परवा-परवापर्यंत होत्या. नातवंडं ही गोष्ट सांगून सांगून हसत, त्याही हसत. मग पोरं पांगली की हळूच म्हणत, "हसा बापा. पण दिवे लागल्यावर कावळा उडताना कोणी पाह्यला हाय काय?"